सहा किलोमीटरला एक अणू

टाटाचे जुने ६९७ इंजिन घ्या. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, दोन्ही आकडे नावातच आले. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, एकूण माप ५,६७५ सीसी. कांद्यापासून सिमेंटपर्यंत या इंजिनाने काय काय वाहिले त्याला गणती नाही, आणि खडी-वाळूच्या फेऱ्यांवर त्यातली काही अजून राबताना दिसतात.

असा ट्रक ताशी ५० किलोमीटरने चालला आहे आणि इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेते आहे असे धरू. रस्त्यावरचा एक किलोमीटर सरेपर्यंत क्रँक २,१६० वेळा फिरतो. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा खाली जातो, एकदा वर येतो. म्हणजे २५६ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा: ट्रक एक किलोमीटर पुढे सरकतो तेवढ्यात पिस्टन त्या वीतभर नळीतल्या नळीत ५५३ मीटर चाललेला असतो. मीटरवर सात लाख किलोमीटर पडले, आणि जुन्या गाडीला ते काही फार नाहीत, की प्रत्येक पिस्टनची चाल होते ३ लाख ८७ हजार किलोमीटर. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. सहाही पिस्टन चंद्रावर पोचलेले असतात आणि एकानेही बोअर सोडलेला नसतो.

हा सगळा प्रवास तेलाच्या ज्या थरावरून होतो तो मोजायला मायक्रॉन लागतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. क्रँकच्या बेअरिंगमधला थर सगळ्यात पातळ जागी एकदोन मायक्रॉनवर येतो, आणि रिंग वरच्या टोकाला क्षणभर थांबून परत फिरते तिथे तो मायक्रॉनच्याही खाली जातो. नेमका त्याच वेळी वर स्फोट होतो. बिनटर्बोच्या जुन्या डिझेल इंजिनात ज्वलनाचा दाब ८० बारच्या आसपास गेला, तर ९७ मिलिमीटरच्या पिस्टनवर सहा टनांचा भार पडतो. ट्रकमध्ये माल दहा टन भरलेला असतो, त्याच्या निम्म्याहून जास्त वजन एका पिस्टनच्या डोक्यावर, तेही सेकंदाला १५ वेळा. एका ऑइलवर गाडी १८,००० किलोमीटर चालवली तर क्रँकचे ३ कोटी ८८ लाख फेरे होतात आणि सहा सिलिंडरांत मिळून साडेअकरा कोटींहून जास्त स्फोट. लिटरला साडेचारचे अ‍ॅव्हरेज धरले तर तेवढ्यात ४,००० लिटर डिझेल जळते. एका स्फोटाच्या वाट्याला ०.०३४ मिलिलिटर, म्हणजे पुरता थेंबसुद्धा येत नाही.

इतक्या मारातून झीज किती होत असेल?

कोणत्याही गॅरेजात याचा अंदाज बोटाने घेतात. मेस्त्री गेजची पट्टी ओढून काढतो, टोकाचे ऑइल अंगठा आणि तर्जनीत चोळतो, वास घेतो, उजेडाकडे धरतो. अनुभवी मेस्त्रीला त्यातून पुष्कळ कळते. डिझेल मिसळले असेल तर वास सांगतो, पाणी गेले असेल तर ऑइल दुधट दिसते. पण डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही, आणि इंजिनाची रोजची झीज पाच मायक्रॉनच्या आतबाहेरची असते. बोटाला ती कळेपर्यंत हाफ इंजिनाचे काम निघालेले असते.

तिथून पुढे प्रयोगशाळा लागते. इंजिन गरम असताना ऑइलच्या चेंबरचा नट काढायचा, पहिले लिटरभर ऑइल तसेच जाऊ द्यायचे (त्यात तळाचा गाळ असतो), मग वाहत्या धारेखाली कोरडी, स्वच्छ बाटली धरायची. शंभर मिलिलिटर पुरते. बाटलीवर गाडीचे किलोमीटर, ऑइलचे किलोमीटर आणि मधे किती ऑइल घातले ते लिहायचे. हे तीन आकडे बाटलीतल्या ऑइलइतकेच मोलाचे आहेत आणि सगळ्यात जास्त कंटाळा लोक तेच लिहायचा करतात.

चेंबरमध्ये १५ लिटर मावते असे धरू. बाटलीत त्याचा दीडशेवा भाग आला. प्रयोगशाळेतले फिरत्या चकतीचे यंत्र त्यातले फक्त दोनेक मिलिलिटर विजेच्या ठिणगीत जाळते, म्हणजे साडेसात हजारांतला एक भाग. दुसऱ्या पद्धतीत ऑइल पातळ करून आर्गॉनच्या प्लाझ्मात फवारतात. तिथले तापमान ६,००० ते १०,००० केल्विन असते. सूर्याच्या पृष्ठभागाचे सुमारे ५,८०० आहे. एवढ्या उष्णतेत धातूचा अणू स्वतःच्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश टाकतो: लोखंड २५९.९ नॅनोमीटरला, तांबे ३२४.८ ला, सोडियम ५८९ ला. हा शेवटचा रंग आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा. ऑइलमध्ये तो वाढला की बहुधा कूलंट आत शिरते आहे, कारण कूलंटमध्ये गंज रोखण्यासाठी सोडियमचे किंवा पोटॅशियमचे क्षार घातलेले असतात.

आता रिपोर्टात लोखंड १०० पीपीएम आले असे समजू. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. १५ लिटर ऑइलचे वजन सुमारे १३ किलो, तेव्हा एक पीपीएम म्हणजे १३ मिलिग्रॅम, आणि १०० पीपीएम म्हणजे १.३ ग्रॅम लोखंड. हे सगळे लोखंड सिलिंडरांच्या आतल्या लायनरांवरून आले असे धरले (तसे ते कॅम, क्रँक, रिंगा, गिअर सगळीकडून येते), तर सहा लायनरांचा रिंग फिरण्याचा पृष्ठभाग साधारण २,३४० चौरस सेंटिमीटर भरतो. त्यावर १.३ ग्रॅम पसरले की थराची जाडी निघते ०.७७ मायक्रॉन. अठरा हजार किलोमीटर, तीन कोटी ८८ लाख फेरे आणि गेला केसाचा नव्वदावा भाग.

हेच अणूंच्या हिशेबात मांडू. लोखंडाचा अणू पाव नॅनोमीटरचा असतो. ०.७७ मायक्रॉनमध्ये असे ३,०८० थर बसतात. तीन कोटी ८८ लाखांना ३,०८० ने भागा: एक अणू जाडीचा थर झिजायला १२,६०० फेरे लागतात, म्हणजे सात मिनिटे, म्हणजे सहा किलोमीटरला जरा कमी. पिस्टन १२,६०० वेळा खालीवर गेला, वर सहा टनांचे दणके बसत राहिले, आणि लायनर एका अणूने पातळ झाला. आपल्याकडच्या ज्या इंजिनांना आपण खटारा म्हणतो त्यांचे हे काम आहे.

उलट बाजूने पाहिले तर डोके पुन्हा फिरते. त्या १.३ ग्रॅममधला प्रत्येक कण पाच मायक्रॉनचा घन धरला तर कण होतात १४४ कोटी, जवळपास भारताच्या लोकसंख्येइतके. क्रँकच्या एका फेऱ्यामागे सुटणारे लोखंड ३३ नॅनोग्रॅम असते. त्यातले अणू मोजायला एक कोटीला एक कोटीने गुणायचे आणि त्याची साडेतीन पट करायची. झीज एकाच वेळी इतकी थोडी आणि इतकी अफाट असते. चंद्रापर्यंतच्या पुऱ्या प्रवासात, दर बदलला नाही तर, सगळे मिळून पन्नास ग्रॅम लोखंड गेले. पन्नास ग्रॅमसाठी कोणी इंजिन भंगारात काढत नाही. पण ते सगळीकडून सारखे जात नाही. वरची रिंग जिथे परत फिरते तिथे तेलाचा थर फाटतो, झीज तिथेच साठत जाते, बोअरला कडा पडतात, मग इंजिन गॅस मारू लागते आणि ब्रीदरमधून धूर येतो.

बेअरिंगचे गणित आणखी नाजूक आहे. जुन्या तिहेरी थरांच्या बेअरिंगमध्ये सगळ्यात वर शिशाच्या मिश्रधातूचा २०-२५ मायक्रॉनचा मुलामा असतो, त्याखाली तांबे-शिसे, त्याखाली पोलाद. ६० मिलिमीटर व्यासाची आणि ३० मिलिमीटर रुंदीची सहा बेअरिंगे धरा. भार घेणाऱ्या अर्ध्या भागावरून एकच मायक्रॉन गेला तर ऑइलमध्ये साधारण १२ पीपीएम शिसे चढते. मुलाम्याच्या पंचविसातला एक मायक्रॉन, आणि तो चेंबर न उतरवता, ट्रक पुढच्या फेरीला निघालेला असताना कळतो! शिसे चढून पुढे घसरले आणि तांबे वर येऊ लागले, तर वरचा थर संपून खालचा उघडा पडला असा त्याचा सरळ अर्थ. या विद्येवर माझा जीव आहे तो या एका गोष्टीसाठी.

काजळीची गोष्ट मात्र निराळी. तिथे आकडे उलट्या दिशेने धावतात. दोन टक्के काजळी जुन्या डिझेल इंजिनाला चालण्याजोगी मानतात. १३ किलोत दोन टक्के म्हणजे २६० ग्रॅम, एका मोठ्या वाटीत मावेल एवढी. पण काजळीचा मूळ कण सुमारे ३० नॅनोमीटरचा असतो. तेवढ्या बारीक कणांत २६० ग्रॅमची विभागणी केली की संख्या येते एकावर १९ शून्ये, आणि त्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग मिळून होतो २९ हजार चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे सात एकर. पंधरा लिटरच्या चेंबरमध्ये सात एकर, सातबाऱ्याशिवाय. ऑइलमधल्या रसायनाला या सात एकरांतला कण न् कण वेगळा धरून ठेवायचा असतो, एकमेकांना चिकटू द्यायचा नसतो. ते रसायन थकले की गुठळ्या होतात, ऑइल दाट होते, फिल्टर तुंबतो. ऑइल काळे पडले म्हणून जो मालक वैतागतो त्याला हे सांगावेसे वाटते की काळे ऑइल आपले काम करते आहे. चिंता करायची ती डिझेल इंजिनाचे ऑइल काळे न पडता राहिले तर. मग ती काजळी कुठे बसली आहे ते शोधावे लागेल.

इथे एक फसवणूक आहे. १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या पट्ट्यात असायला हवे. काजळीने ते दाट होते, आणि गळक्या नोझलमधून डिझेल उतरले तर पातळ. दोन्ही दोष एकदमच असतील तर आकडा मधोमध, अगदी शहाण्यासारखा येतो. रिपोर्टात दाटपणा बरोबर आहे एवढेच पाहून कागद मिटणारा म्हणूनच फसतो. त्याच कागदावर डिझेलचे आणि काजळीचे टक्के वेगळे दिलेले असतात.

हवेचा हिशेब तर कोणी करतच नाही. इंजिन ऑइल पिते, डिझेल खाते, हे सगळे बोलतात. पण सगळ्यात जास्त ते हवा गिळते. दोन फेऱ्यांत ५,६७५ सीसी, त्यातली ८५ टक्के जागा खरोखर भरते असे धरले, तर किलोमीटरमागे सव्वापाच हजार लिटर हवा आत जाते. अठरा हजार किलोमीटरांत ती होते ९४ हजार घनमीटर, वजनाने १०८ टन. दहा टनांच्या ट्रकच्या दहाहून अधिक खेपा, नुसत्या हवेच्या. खडीच्या क्रशरकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम धूळ धरली तर इंजिनाच्या तोंडाशी ९४ ग्रॅम धूळ येते. जुन्या ऑइल-बाथ फिल्टरने ९८ टक्के अडवली तरी दोनेक ग्रॅम आत सुटते, ९९.९ टक्के अडवणाऱ्या कागदी फिल्टरमधून ग्रॅमचा दहावा भाग. आता मजा बघा: यातली एक ग्रॅम धूळ ऑइलपर्यंत पोचली आणि ती शुद्ध सिलिका असली, तर तिच्यात ०.४७ ग्रॅम सिलिकॉन असतो आणि रिपोर्टात ३६ पीपीएम चढतात. एक चिमूट. सिलिकॉन पंचवीसच्या पुढे गेला की प्रयोगशाळा सहसा शेरा मारते, आणि त्याचे कारण पुष्कळदा फिल्टर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या होजपाइपची सैल क्लिप एवढेच निघते. ती धूळ लायनरवर काय करते ते लगोलग लोखंडाच्या आकड्यात दिसते.

जुन्या गाडीला एका बाबतीत मात्र काळ मेहेरबान झाला आहे. २००० साली आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक ०.२५ टक्क्यांपर्यंत चालत असे. वरच्या हिशेबातल्या ४,००० लिटरांत ते सव्वाआठ किलो होते. त्याचे आम्ल व्हायचे, बरेचसे सायलेन्सरमधून निघून जायचे आणि उरलेले ऑइलमधल्या क्षारांशी झुंजायचे. १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा १० पीपीएम आहे. तेवढ्याच डिझेलमध्ये आता ३३ ग्रॅम. ट्रक तोच, पण पोटातले आम्ल अडीचशे पटींनी कमी.

ऑइल तपासायची ही पद्धत मूळची रेल्वेची. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न रेल्वेने डिझेल लोकोमोटिव्हच्या वापरलेल्या ऑइलमधले धातू वर्णपटावरून मोजायला सुरुवात केली; १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने तीच युक्ती विमानांच्या इंजिनांना लावली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ही तपासणी रुळलेली आहे. लोकोमोटिव्ह बंद पडले की मागची सगळी वाहतूक अडते, म्हणून तिथे ती परवडते की नाही हा प्रश्न उठला नाही. एका ट्रकच्या मालकाला तो उठतो, आणि त्याचा ट्रक बंद पडला तर फक्त त्याचेच घर अडते.

शिवाय धातू मोजणाऱ्या या यंत्रालाही एक आंधळी बाजू आहे. पाच-आठ मायक्रॉनच्या वरचे कण ठिणगीत किंवा प्लाझ्मात पुरते जळत नाहीत, त्यामुळे आकड्यात ते जवळजवळ येतच नाहीत. पन्नास मायक्रॉनच्या एका कणात पाच मायक्रॉनच्या हजार कणांइतका धातू असतो, पण यंत्राच्या लेखी तो शून्य. म्हणजे सावकाश होणारी झीज रिपोर्टात उत्तम दिसते आणि बेअरिंगचे तुकडे पडू लागले तर कागद शांत राहू शकतो. त्याला उपाय फुकटचा आहे: काढलेला ऑइल फिल्टर करवतीने कापा, आतला कागद उलगडा, पिळून उन्हात धरा आणि खालून लोहचुंबक फिरवा. चकाकणारे कण चुंबकाला चिकटले तर पोलाद किंवा लोखंड; पिवळसर-तांबूस आणि न चिकटणारे असतील तर बेअरिंग. पाण्याची शंका असेल तर गरम तव्यावर दोन थेंब टाका. दीडशे-एकशेसाठ अंशांना तडतडले तर पाणी आहे. हजारात एक भाग पाणीही असे ऐकू येते.

आता दोन ट्रक घेऊ, दोन्ही याच इंजिनाचे. पहिल्याच्या रिपोर्टात लोखंड ९०, दुसऱ्याच्या ६०. कोणीही सांगेल की दुसरे इंजिन बरे. पण पहिल्याचे ऑइल १८,००० किलोमीटर चालले आहे आणि मधे काही घालावे लागलेले नाही. दुसऱ्याचे ९,००० च चालले आहे, आणि तेवढ्यात क्लीनरने थोडे थोडे करून दहा लिटर ओतले आहे. जे ऑइल जळाले-गळाले ते आपल्याबरोबर लोखंडही घेऊन गेले, आणि त्याच्या जागी कोरे ऑइल आले. तो हिशेब उलटा फिरवला तर ६० चा आकडा मुळात ८२ होता. पहिल्या गाडीची झीज हजार किलोमीटरला पाच पीपीएम, दुसरीची नऊ. जे इंजिन ऑइल जास्त पिते तेच रिपोर्टात निरोगी दिसते, आणि जुन्या ट्रकांत ऑइल न पिणारे इंजिन शोधूनच काढावे लागते. बाटलीवर टॉप-अपचे लिटर लिहिलेले नसतील तर प्रयोगशाळेला ही फसवणूक कळायचा मार्गच नाही.

म्हणून दुसऱ्या गाडीच्या मालकाने आधी वही घालावी: तारीख, किलोमीटर, घातलेले लिटर. मग रिपोर्टात खाली उतरावे. सिलिकॉनही चढलेला असेल तर होजपाइपची क्लिप आणि एअर फिल्टरची गादी बघावी, इंजिन खोलू नये. सिलिकॉन साधा आणि सोडियम वर असेल तर रेडिएटरचे पाणी कमी होते का ते आठवडाभर पाहून हेड गॅस्केटकडे वळावे. दोन्ही साधे, शिसे-तांबेही जागेवर, फक्त लोखंड आणि रिंगांचा क्रोमियम वाढतो आहे असे असेल तर रिंगा-लायनरांचे दिवस भरत आले आहेत. तेव्हा चार-पाच हजार किलोमीटरांनी आणखी एक बाटली पाठवावी. दर नवावरच थांबला तर कांद्याचा हंगाम निघेल, बारा-तेराकडे सरकला तर लायनर-पिस्टनचे काम हंगामाच्या आधीच मेस्त्रीकडे टाकावे.